नाक्यावरचा फ्लेक्स

तारीख सतरा जानेवारी. रक्कम पन्नास हजार रुपये, संस्थेच्या नावे डिमांड ड्राफ्ट. हजर: संस्थेच्या अधीक्षिका, समाजसेविका, मुलीला सांभाळणारी एक ताई, माझी बायको, मी, आणि अडीच वर्षांची ती मुलगी, जिला त्या दिवशी आम्ही वटार गावातल्या आमच्या घरी घेऊन आलो.

पावती हातात देताना समाजसेविका म्हणाल्या, "हे कायद्याने ठरलेलं शुल्क. याच्यापलीकडे या मुलीच्या निमित्ताने कुणालाही, कशासाठीही, एक रुपया द्यायचा नाही. कुणी मागितलाच तर आधी मला फोन." हिशेब लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे मला ते लगेच पटलं. पावती नसलेला रुपया म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आमच्या लग्नाला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. दत्तकाचा विचार आम्ही उशिराच केला. दोन वर्षांखालचं मूल हवं असेल तर नवराबायकोच्या वयांची बेरीज पंच्याऐंशीच्या वर चालत नाही, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी नव्वदपर्यंत चालते. नाव नोंदवलं त्या दिवशी आमची बेरीज अठ्ठ्याऐंशी होती. बायको म्हणाली, "म्हणजे तान्हं बाळ नाही. चालतं-बोलतं येणार." आणि तशीच आली. घरात शिरल्या शिरल्या तिने सगळ्या खोल्यांत जाऊन पलंग मोजले आणि विचारलं, "बाकीची मुलं कुठे झोपतात?"

मुलगी घरी आली तरी ती कायद्याने आमची नव्हती. संस्थेने अर्ज करायचा, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघायचा, मग ती आमची. तोवर ती फक्त सांभाळायला दिलेली. आम्ही हमीपत्रावर सह्या केल्या होत्या. त्यात दोन कलमं अशी होती की मला ती झोपेतसुद्धा पाठ होती. एक, मुलीचा फोटो किंवा ओळख कुठेही जाहीर करायची नाही. दोन, संस्थेने किंवा बालकल्याण समितीने सांगितलं तर मुलीला परत हजर करायचं.

तिच्या अहवालात लिहिलं होतं की ती विरारच्या बाजारात बेवारस सापडली, वय अंदाजे दीड वर्ष. पोलिसांनी शोध घेतला, वर्तमानपत्रात फोटोसह निवेदन दिलं, कुणी आलं नाही, मग समितीने तिला दत्तक देण्यासाठी मोकळी ठरवलं. सगळं रीतसर. पण विरार आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. नाव नोंदवताना आम्ही अख्खा महाराष्ट्र निवडला होता. मूल नागपूरचं येईल, कोल्हापूरचं येईल, असं धरून चाललो होतो. आलं ते शेजारच्या बाजारातलं. मला हे पहिल्या दिवसापासून बोचत होतं. रस्त्यात कुठलीही बाई तिच्याकडे दोन क्षण जास्त बघत राहिली, की मी मुलीला दुसऱ्या कडेवर घ्यायचो. तिच्यासाठी मी दोनच फ्रॉक आणले होते. बायको चिडली, "दोन फ्रॉकात काय होतं? एक ओला, एक अंगात, तिसरा?" मी म्हटलं, आदेश आला की आणू. दुसऱ्या दिवशी ती स्वतः जाऊन पाच घेऊन आली.

फेब्रुवारीत आम्ही तिघं दोन दिवस बायकोच्या माहेरी उमेळ्याला गेलो. सासूबाईंना नात बघायची होती. परत येताना रिक्षा गावाच्या नाक्यावर वळली आणि मुलगी एकदम माझ्या मांडीवर उभी राहिली. "मी!" ती वर बोट दाखवून ओरडली. "मी तिथे!"

विजेच्या खांबाला आणि बसस्टॉपच्या पत्र्याला बांधलेला दहा बाय सहाचा फ्लेक्स होता. मधोमध तिचा फोटो, वाडीतल्या झोपाळ्यावर बसलेली, तोंडात केळं. वर लाल अक्षरांत, 'आमच्या घराण्याची लक्ष्मी आली हो!' खाली तिचं नाव, माझं नाव, बायकोचं नाव. त्याखाली शुभेच्छुक म्हणून क्रिकेट मंडळाच्या बारा पोरांचे गोल गोल फोटो, निम्म्यांच्या डोळ्यांवर गॉगल.

रिक्षावाला हसत म्हणाला, "काका, पेढे कुठे आहेत?"

बायकोने मुलीचं डोकं ओढून आपल्या छातीशी धरलं, जणू आता झाकून काही उपयोग होता.

हा उद्योग माझ्या धाकट्या चुलतभावाचा. आमची घरं एकाच वाडीत, मधे फक्त जास्वंदीची रांग. तो ओट्यावर बसून चहा पीत होता. मला बघून उठलाच.

"काय दादा, बघितलास ना? कसा झालाय?"

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? सामन्यांचे दोन फ्लेक्स छापले, तिसरा फुकट मिळत होता. म्हटलं आपल्या पोरीचा करू. ती काय कमी आहे?"

"आताच्या आता उतरव."

"अरे, आठवडाभर तरी राहू दे. पोरांनी फोटो दिलेत, रुसतील."

"तिचा फोटो लावायला कायद्याने बंदी आहे. तिला परत घेऊन जातील, कळतंय तुला? परत!"

त्याचा कप तसाच राहिला. "परत म्हणजे?" तो म्हणाला. "ती काय दुकानातली वस्तू आहे?" मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. कोयता घेऊन सायकलवरून नाक्यावर गेला आणि दोऱ्या कापून फ्लेक्स उतरवला. गुंडाळून वाडीत आणला तेव्हा डोळे पुसत होता. "आमच्यात आनंद झाला की बोर्ड लावतात, दादा," तो म्हणाला. "मला दुसरं काय येतं?" खरं तर आमच्या गावात दहावी पास झालेल्याचा, गाडी घेतलेल्याचा, मेलेल्याचासुद्धा फ्लेक्स लागतो. आमच्याच घराचा लागला नसता तर लोकांनी विचारलं असतं.

फ्लेक्स उतरला, पण दोन दिवस तो नाक्यावर होता. अर्नाळ्याच्या बस तिथूनच जातात. मी मनातल्या मनात बस गुणिले माणसं करत बसलो आणि मग ते सोडून दिलं, कारण आकडा कितीही आला तरी मला भीती एकाच माणसाची होती.

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, फाटकाशी हाक आली, "सुकं घ्या, सुकं!" सुकी मासळी विकणाऱ्या बाया आमच्याकडे नेहमीच येतात, त्यात नवल नव्हतं. पण ही बाई नेहमीची नव्हती. वय पन्नाशीच्या पुढे, डोक्यावर पाटी, पाटीवर निळं प्लास्टिक. बायको फाटकापाशी गेली. बाईने पाटी उतरवली नाही.

"वयनी, नाक्यावर बोर्ड व्हता. त्यातली पोर हितंच ऱ्हाते ना?"

बायको म्हणाली, "इथे कोणी लहान मूल नाही."

आणि नेमकी त्याच वेळी मुलगी ओट्यावर आली, एका पायात माझी चप्पल घालून, आणि आईला भिजलेली बाहुली दाखवायला लागली.

बाई टक लावून बघत राहिली. "हीच ती," ती म्हणाली. "माझ्या मांडीवर निजली व्हती."

मी पायऱ्या कधी उतरलो मला आठवत नाही. मी मुलगी आणि फाटक यांच्या मधे उभा होतो. "तुम्ही कोण?" मी विचारलं.

"मी कोन? मी कोनी नाय, दादा. बाजारात मला गावली ती. तिला लांबूनच बघते न् जाते."

"कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कोन पाठवनार? मला काय नवरा हाय पाठवायला?"

गावली. हा शब्द कुणीही वापरू शकतं. जिने सोडली तीसुद्धा असंच म्हणेल. मी तिचा चेहरा बघत होतो आणि त्यात मुलीचं काही दिसतं का ते शोधत होतो. हनुवटी? कपाळ? भीतीने बघितलं की कुठल्याही दोन चेहऱ्यांत साम्य दिसतं. ती आई नसेल तर आजी असेल, मावशी असेल. आज बघून जाईल, उद्या चार माणसं घेऊन येईल. माझा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशात पाचशेच्या दोन नोटा होत्या. द्यावे आणि सांगावं, परत येऊ नको. तो हात मी तिथेच थांबवला. ते पैसे दिले असते तर मी काय विकत घेतलं असतं, आणि कुणाकडून, हे उद्या कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"जा तुम्ही," मी म्हटलं. "इथे येऊ नका."

तिने मुलीला हाक मारली नाही. मुलगी तिच्याकडे बघून बायकोच्या साडीमागे लपली. "विसरली," बाई म्हणाली. "बरं झालं." आणि पाटी सावरत रस्त्याला लागली. पुढच्या घरापुढे तिने "सुकं घ्या"ची हाक दिली नाही, हे माझ्या लक्षात आलं आणि त्याने मी आणखी घाबरलो.

त्या दिवशी आम्ही फाटकाला कुलूप लावलं. वाडीत कुणी फाटकाला कुलूप लावत नाही. दुपारी चुलतभाऊ केळ्याचा घड घेऊन आला, कुलूप बघितलं, घड कंपाउंडवरून आत ठेवला आणि परत गेला.

ती कोण, हे फक्त संस्थेला माहीत असणार. मुलगी कुणाला सापडली हे पोलिसांच्या कागदांत असतं. पण संस्थेला विचारायचं तर ती बाई आमच्यापर्यंत कशी पोचली ते सांगावं लागणार, म्हणजे फ्लेक्स सांगावा लागणार. म्हणजे हमीपत्राचं कलम आमच्याकडून मोडलं, हे आपल्या तोंडाने कबूल करायचं, तेसुद्धा आदेश अजून निघालेला नसताना.

"सांगू नका," बायको म्हणाली. "अहो, फ्लेक्स उतरला. कुणी तक्रार केली नाही. पंधरा दिवसांत आदेश येईल. तोपर्यंत तोंड बंद ठेवा, एवढंच मागतेय मी."

"आणि ती परत आली तर? माणसं घेऊन आली तर?"

"आली तर बघू."

"तेव्हा कळलं की आपण लपवलं होतं, तर मग काय राहील आपल्या बाजूने?"

"तुमचा हिशेब जुळायला पाहिजे म्हणून पोरगी जाऊ द्यायची का?" ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी अशी बोलली नव्हती. खरं सांगायचं तर मला हिशेबाची फिकीर नव्हती. त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता, आणि ती कोण हे कळल्याशिवाय मी फाटकाचं कुलूप काढू शकत नव्हतो.

सोमवारी सकाळी मी समाजसेविकांना फोन केला. सगळं सांगितलं, फ्लेक्सची मापं आणि मजकूरसुद्धा. मग त्या म्हणाल्या, "उद्या दोघं या. मुलीला घेऊन या."

मी फोन ठेवला तेव्हा बायको दारात उभी होती. तिने ऐकलं होतं.

मंगळवारी निघताना मी म्हटलं, "तिचे कपडे घे एखादा जोड. लांबचा प्रवास आहे."

"नाही घेणार," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"एकही जोड घेणार नाही. ती तिकडे राहायला चाललेली नाही."

तिने पर्समध्ये फक्त पाण्याची बाटली घेतली. ठाण्याच्या बसमध्ये बसलो, आणि घोडबंदरच्या वळणांवर मुलीने ओकारी काढली, स्वतःच्या फ्रॉकवर, बायकोच्या मांडीवर. बदलायला काही नाही. मी माझा शर्ट काढून तिला घातला आणि बनियनवर बसलो. समोरच्या सीटवरच्या म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बायकोला म्हणाली, "पोरीचे कपडे ठेवावेत गं पिशवीत. आई ना तू?" बायको खिडकीकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हलत होते.

संस्थेच्या रस्त्याला लागेपर्यंत मुलगी माझ्या खांद्यावर गप्प होती. तो हिरवा लोखंडी दरवाजा दिसला आणि तिला कळलं. ती रडली नाही. तिने माझ्या बनियनचा गळा दोन्ही मुठींत धरला आणि अंग लाकडासारखं ताठ केलं. वॉचमन ओळखीने "काय गं" म्हणाला तरी तिने मान वळवली नाही. मला तिच्या छातीची धडधड माझ्या छातीवर लागत होती, आणि माझी तिला लागत असणार. बायको म्हणाली, "आपण तिघं आलोय, तिघं जाणार." ती हे मुलीला सांगत होती की मला, कुणास ठाऊक.

अधीक्षिकांनी मला बनियनवर बघितलं आणि आधी एका ताईला फ्रॉक आणायला सांगितला. बायको चटकन म्हणाली, "इथला फ्रॉक नको." मुलगी माझ्याच शर्टात राहिली.

मग अधीक्षिका बोलल्या, आणि बराच वेळ बोलल्या. मुलांचे फोटो जाहीर का करायचे नाहीत, यातून किती घरं उद्ध्वस्त होतात, आम्ही सुशिक्षित असून घरच्यांना आधी का बजावलं नाही. मी सगळं ऐकून घेतलं. शेवटी मीच विचारलं, "तिला ठेवून घेणार आहात का?"

त्यांनी चष्मा काढला. "तिला आणायला सांगितलं ते डॉक्टरांनी बघायचं राहिलंय म्हणून. अर्जासोबत तब्येतीचा दाखला लागतो. तुम्हाला काय वाटलं?"

बायको खुर्चीवरून उठली आणि व्हरांड्यात गेली. ती तिथे का गेली ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

"पण हे लेखी द्यावं लागेल," अधीक्षिका म्हणाल्या. "समितीला कळवीन, आणि फाइलमध्ये लागेल. पालघरला जिल्हाधिकारी काय विचारतील ते मी सांगू शकत नाही."

"आणि ती बाई?"

त्यांनी समाजसेविकांकडे पाहिलं. "ती आई नाही," समाजसेविका म्हणाल्या. "नातेवाईकही नाही. विरारच्या बाजारात बसते. मूल तिलाच सापडलं, तिनेच चौकीत नेलं. सुरुवातीला तीन वेळा इथे आली होती, बघू द्या म्हणून. आम्हाला आत सोडता आलं नाही." मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे तिने काही मागितलं?"

"नाही."

"तुम्ही काही दिलं?"

"नाही," मी म्हटलं. माझ्या खिशाकडे गेलेल्या हाताबद्दलही मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत, पण मान हलवली.

घरी येताना तिघंही आलो. बसमध्ये मुलगी झोपली. मी संध्याकाळी फाटकाचं कुलूप काढलं, पण त्याने भीती गेली असं नाही. ती फक्त बाजारातून उठून पालघरच्या फायलीत जाऊन बसली. समितीने समज देणारं पत्र पाठवलं. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. फोन वाजला की बायको माझ्याकडे आणि मी फोनकडे बघायचो. मुलीला ताप आला तर मला वाटायचं, हेही कुणी लिहून ठेवेल.

एप्रिलच्या शेवटी पालघरला बोलावणं आलं. चुलतभाऊ म्हणाला, मीही येतो, चूक माझी, मी सांगेन साहेबांना. त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्यांवर तो माझ्यापेक्षा जास्त घामाघूम झाला होता. आत मात्र आम्हा तिघांनाच बोलावलं. अधिकारी बाई होत्या. पानं उलटता उलटता त्या एका पानावर थांबल्या. ते माझंच पत्र होतं. माझं अक्षर मला उलटं असलं तरी ओळखू आलं.

"फ्लेक्स कोणी लावला?"

"माझ्या चुलतभावाने, मॅडम."

"हे तक्रारीवरून आलं का?"

"नाही. आम्हीच कळवलं."

त्यांनी पुन्हा वाचलं. "दहा बाय सहा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मुलगी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट दोन्ही हातांनी ढकलत होती. मी तिला धरू की नको या विचारात तसाच बसलो. बाईंनी तो पेपरवेट उचलून तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "घरी कोण कोण आहे तुझ्या?"

मुलीने विचार केला. "झोपाळा," ती म्हणाली. "आणि काका. काका बाहेर आहे, घाबरलाय."

आदेश पुढच्या आठवड्यात निघाला. तो मी उभ्यानेच वाचला, मग बसून वाचला, मग बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. तारीख, नावं, जन्मतारीख, शिक्का, सगळं तपासलं. बायको म्हणाली, "झालं ना बघून? आता त्या बाईला सांगायला जाऊ."

हे मला सुचलं नव्हतं, किंवा सुचलं होतं आणि मी ते बाजूला सारलं होतं. तिला फाटकातून हाकललं होतं मी. मुलीला चुलतभावाकडे ठेवून आम्ही दोघंच विरारच्या बाजारात गेलो. मासळीच्या ओट्यांच्या टोकाला ती बसली होती, पुढे बोंबील, जवळा, मांदेली. आम्हाला बघताच ती चटकन उठून उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता.

"काय झालं? पोर बरी हाय ना?"

"बरी आहे," बायको म्हणाली. "आमची झाली. ऑर्डर आली."

"आता कोन नेनार नाय?"

"नाही."

"पोलिस पन नाय?"

"कोणीच नाही."

ती खाली बसली. पदराने तोंड पुसलं, मग त्याच पदराने फळीवरच्या माश्या हाकलल्या. बाजूची विक्रेती म्हणाली, "काय गं, कोन हे?" तर ही म्हणाली, "माझी गिऱ्हाइकं. तू तुझं बघ."

मी तिला विचारलं, मुलीला भेटायला येणार का. ती नको म्हणाली. मोठी झाल्यावर तिला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण मला बघून ती परत लपेल, ते नको. मग ती माझ्याकडे वळली. "त्या दिवशी लय घाबरलेलास, दादा. मला वाटलं मारतोस का काय."

"हो," मी म्हटलं. "घाबरलो होतो."

"मी पन," ती म्हणाली. "बोर्ड बघितला न् वाटलं, कुनाच्या हातात दिली असंल."

बायको खाली वाकली आणि बोंबील उलटेपालटे करून बघायला लागली. "हे कसे दिले?"

"शेकड्याला दोनशे."

"दोनशे? काय सोन्याचे आहेत? मागच्या आठवड्यात आमच्या दारात दीडशेला होते."

"मग दारातूनच घ्यायचे. हितं कशाला आलीस?"

दोघी हसल्या. घासाघीस पुष्कळ झाली, आणि ती मी थांबवली नाही. शंभर सुके बोंबील, एकशे सत्तर रुपये रोख, त्या बाईला दिले.